जेलीफिश समजून घ्यायचा असेल तर आधी खडकाच्या खाली बघा

जेलीफिश म्हटलं की डोळ्यासमोर काय येतं, पाण्यात हळूहळू उघडमीट करणारी पारदर्शक छत्री आणि खाली लोंबणारे धागे. बरोबरच आहे, फोटो त्याचेच निघतात. पण कुणी मला जेलीफिशबद्दल विचारलं की मी तिथून सुरुवात करतच नाही, कारण तिथून सुरू केलं की पुढे सगळंच कोडं वाटायला लागतं, हे लाखोंनी अचानक येतात कुठून, मग गायब कुठे होतात, त्यातला एक म्हणे मरतच नाही, वगैरे वगैरे. त्यापेक्षा आधी समुद्रातल्या एखाद्या खडकाच्या खालच्या अंगाला बघायचं. तिथे दोन-तीन मिलिमीटरचं पांढरट काहीतरी चिकटलेलं असतं, एका टोकाने घट्ट धरलेलं, दुसऱ्या टोकाला तोंड आणि तोंडाभोवती बारीक तंतूंची झालर. याला पॉलिप म्हणतात. आणि हाच जेलीफिश आहे.

म्हणजे असं बघा, झाड आणि फूल यांचं जे नातं असतं साधारण तसं. झाड जागेवर उभं असतं वर्षानुवर्षं, फूल ठराविक मोसमात येतं, बीज पसरवायचं काम करतं आणि सुकून जातं. आपण ज्याला जेलीफिश म्हणतो ती छत्री म्हणजे ते फूल. तिला शास्त्रात मेडुसा म्हणतात. मेडुसा नर असतात किंवा मादी असतात, अंडी आणि शुक्रपेशी एकत्र येतात, त्यातून डोळ्याला जेमतेम दिसेल एवढी अळी तयार होते, ती अंगावरच्या सूक्ष्म केसांनी पोहत थोडे दिवस भटकते आणि मग एखादी कडक जागा बघून चिकटते, की झाला पॉलिप. हा पॉलिप तिथेच बसून येणारे-जाणारे बारीक जीव पकडून खातो, अंगातून कोंब काढून स्वतःच्याच प्रती बनवतो, आणि परिस्थिती बरी असली तर कित्येक वर्षं जगतो. मेडुसा मात्र बहुतेक जातींमध्ये काही महिने, फार तर वर्ष-दीड वर्ष.

आता खरी गंमत. मून जेली नावाचा जगभर आढळणारा जेलीफिश घ्या, ज्याच्या छत्रीत मधोमध चार गोल कड्या दिसतात तो. त्याच्या पॉलिपला थंडीचा एक काळ जावा लागतो. तो गेला की पॉलिपच्या अंगावर आडव्या खाचा पडायला लागतात, त्या खोल होत जातात आणि थोड्या दिवसांत तो एकावर एक रचलेल्या बशांच्या चळतीसारखा दिसायला लागतो. मग सगळ्यात वरची बशी फडफडायला लागते, सुटते आणि पोहत निघून जाते, मग तिच्या खालची, मग तिच्या खालची. प्रत्येक बशी म्हणजे आठ हातांची चांदणीसारखी पिल्लू जेलीफिश. एका पॉलिपमधून अशी डझनभर किंवा जास्तही निघतात, आणि खाली उरलेला बुंधा परत नॉर्मल पॉलिप होऊन पुढच्या वर्षाची वाट बघत बसतो! थंडी किती दिवस झाली हे त्याला कळतं कसं तर थंड पाण्यात त्याच्या अंगात एक प्रोटीन हळूहळू साठत जातं, ठराविक पातळी ओलांडली की काम सुरू. म्हणजे एखाद दिवस गारठा पडला म्हणून फसत नाही, पूर्ण हिवाळा मोजून घेतो. (सगळ्याच जाती असं करतात असं नाही हं, खोल समुद्रात फिरणाऱ्या काही जातींनी पॉलिपची भानगडच ठेवलेली नाही, अळीची थेट मेडुसा होते.)

एवढं लक्षात ठेवलं की तो ‘अमर जेलीफिश’ पण नीट समजतो. त्याचं नाव टुरिटॉप्सिस डोर्नाय, आकार करंगळीच्या नखापेक्षाही लहान, साडेचार मिलिमीटर वगैरे. १९८८ साली इटलीच्या किनाऱ्यावर गोळा केलेले नमुने भांड्यात ठेवले होते, आणि बघितलं तर मेडुसा होत्या त्या जागी पॉलिप. नियमाप्रमाणे पॉलिपमधून मेडुसा निघते, इथे उलटी गंगा वाहत होती. त्यावरचा सविस्तर पेपर १९९६ मध्ये आला. होतं काय, तर ही मेडुसा जखमी झाली, उपाशी राहिली, म्हातारी झाली की तिचे तंतू आखडतात, छत्री आक्रसते, नुसता एक गोळा उरतो, तो तळाला जाऊन चिकटतो आणि एक-दोन दिवसांत त्यातून पॉलिपचे कोंब फुटतात. यात खरी आश्चर्याची गोष्ट पेशींची आहे. एकदा पेशी स्नायूची झाली की ती स्नायूचीच राहते असं आपण धरून चालतो, इथे त्या आपला धंदाच बदलतात, एका प्रकारची पेशी थेट दुसऱ्या प्रकारची होते. झाडाच्या भाषेत बोलायचं तर सुकत आलेलं फूल जमिनीवर पडून परत रोप झालं.

पण ‘अमर’ हा शब्द ऐकून लोक जे समजतात ते चुकीचं आहे. याला मासे खातात, गोगलगायी खातात, रोगही होतो, आणि समुद्रात बहुतेक जण तसेच मरतात. फक्त म्हातारपणाने मरायची सक्ती त्याच्यावर नाही एवढंच. अमरत्वापेक्षा ‘रीसेट बटण’ म्हणणं जास्त बरोबर. आणि त्याचा जीनोम, म्हणजे त्याचा सगळा डीएनए, २०२२ मध्ये वाचला गेला तेव्हा त्यात डीएनए दुरुस्त करणाऱ्या काही जीन्सच्या जादा प्रती सापडल्या, लगेच ‘आता माणूसही अमर होणार’ छाप हेडलाइन्स आल्या, त्या बाजूला ठेवलेल्या बऱ्या.

बरं, आता छत्रीकडे येऊ. जेलीफिश हा मासा नाही हे सगळ्यांना माहीत असतं. मेंदू नाही, हृदय नाही, रक्त नाही, हाडं नाहीत, फुप्फुसं नाहीत ही यादीही सगळीकडे असते, पण मग हे सगळं नसताना चालतं कसं ते कुणी सांगत नाही. हृदय आणि रक्त लागतं कशाला, तर शरीराच्या आत खोल असलेल्या पेशींपर्यंत ऑक्सिजन पोचवायला. जेलीफिशच्या अंगात आत खोल असं काही जिवंत नाहीच. बाहेर पेशींचा एक पातळ थर, आत पोटाच्या बाजूला दुसरा पातळ थर, आणि मधे जेली. ही जेली म्हणजे बहुतांश पाणी आणि थोडं कोलॅजन, तिला खायला-प्यायला जवळजवळ काही लागत नाही. दोन्ही थर पाण्याला लागूनच, ऑक्सिजन थेट कातडीतून आत. एकूण वजनाच्या ९५ टक्के किंवा थोडं जास्तच पाणी. म्हणजे कमी खर्चात मोठं दिसायची युक्ती आहे ही, मोठा आकार असला की जास्त पाणी चाळता येतं, जास्त शिकार लागते, आणि पोसायचे मात्र दोनच पातळ थर. लायन्स मेन नावाच्या थंड पाण्यातल्या जेलीफिशचा एक नमुना १९व्या शतकात अमेरिकेत मॅसॅच्युसेट्सच्या किनाऱ्यावर सापडला होता, त्याचे तंतू ३६ मीटरच्या वर नोंदवलेत, म्हणजे निळ्या देवमाशापेक्षा लांब. तोंड मात्र एकच आणि खाल्लेलं नको असलेलं बाहेर टाकायलाही तेच, यावर जास्त न बोललेलं बरं.

पोहण्यातही हाच काटकसरीपणा. छत्री आकसली की खाली पाण्याची एक गोल फिरती कडी ढकलली जाते आणि जेलीफिश पुढे सरकतो, हे झालं स्नायूंचं काम. पण छत्री परत उघडताना स्नायू काहीच करत नाहीत, जेली रबरासारखी आपोआप मूळ आकाराला येते, आणि तेव्हा छत्रीखाली उलट दिशेने फिरणारी दुसरी कडी तयार होते जी त्याला खालून आणखी एक धक्का देते. हा फुकटचा धक्का. २०१३ मधल्या अभ्यासात मून जेली यामुळे दर फेरीला ३० टक्के जास्त अंतर कापतो असं दिसलं. वेग काही नाही, पण अंतरामागे लागणारी ऊर्जा बघितली तर भले भले पट्टीचे पोहणारे मासे याच्या मागे आहेत.

मेंदूचा प्रश्न जरा सावकाश घेऊ कारण इथेच जास्त गैरसमज आहेत. मेंदू नाही म्हणजे मज्जापेशी नाहीत असं नाही. आहेत, पण एका जागी गोळा न करता सगळ्या छत्रीभर जाळ्यासारख्या पसरलेल्या. आणि छत्रीच्या कडेला ठराविक अंतरावर छोटे छोटे गुच्छ असतात, मून जेलीला आठ, त्यात उजेड ओळखायची सोय असते, वर-खाली ओळखायला जड स्फटिक असतात आणि छत्रीची उघडमीट कधी करायची त्याचा ठेकाही तिथूनच निघतो. १८७०च्या दशकात जॉर्ज रोमेन्स नावाच्या ब्रिटिश शास्त्रज्ञाने जेलीफिशचे कात्रीने वाट्टेल तसे तुकडे करून बघितले होते (आज वाचताना कसंसंच होतं). कडेचे सगळे गुच्छ कापले की छत्री थांबते. एक जरी ठेवला तरी सगळी छत्री त्या एकाच्या ठेक्यावर चालू राहते. आणि छत्रीला आडव्यातिडव्या चिरा देऊन तिची नागमोडी पट्टी केली तरी संदेश वळणं घेत घेत पलीकडे पोचतोच. म्हणजे अध्यक्ष नसलेली कमिटी आहे ती, जो आधी बोलेल त्याचं सगळे ऐकतात.

बॉक्स जेलीफिश या गटाने तर यात कमालच केलीय. यांची छत्री गोल नसून चौकोनी डब्यासारखी, आणि चार बाजूंना चार गुच्छ, प्रत्येकात सहा डोळे, एकूण २४. त्यातले काही नुसते उजेड-अंधार ओळखणारे, पण काहींना खरोखरची भिंगं आहेत. ट्रायपेडालिया नावाचा जेमतेम सेंटिमीटरभराचा बॉक्स जेली कॅरिबियन भागात खारफुटीच्या मुळांमध्ये राहतो आणि उजेडाच्या झोतात गोळा होणारे बारीक जीव खातो. त्याचे काही डोळे कायम वरच बघतात, तो कसाही उलटापालटा झाला तरी, कारण प्रत्येक गुच्छाच्या तळाला जड स्फटिक लावलेलं असतं, ओळंब्यासारखं, त्यामुळे गुच्छ सरळच लटकतो. हे डोळे पाण्यातून वर खारफुटीच्या फांद्यांचं छत शोधत असतात. लांब वाहून गेला तर ते छत बघून परत फिरतो.

आणि २०२३ मध्ये कळलं की हा शिकतोही. एका गोल टाकीच्या भिंतीवर राखाडी आणि पांढरे पट्टे रंगवले. राखाडी पट्टे याला लांबच्या मुळांसारखे दिसतात, लांब आहेत म्हणून हा बिनधास्त पुढे जातो आणि धडकतो. साधारण साडेसात मिनिटांत त्याचं धडकणं निम्म्यावर आलं, भिंतीपासूनचं सरासरी अंतर दीडपट झालं. पट्टा दिसला की धक्का बसतो हे दोन अनुभव त्याने जोडले. मग संशोधकांनी नुसता एक गुच्छ वेगळा काढून त्याला सरकत्या पट्ट्यांचं चित्र दाखवलं आणि सोबत धडक बसल्यासारखा बारीक विजेचा झटका दिला, तर तो गुच्छ एकटाच शिकला, वळायचा सिग्नल द्यायला लागला. हजारभर मज्जापेशींचा ऐवज! मला यातून एवढंच वाटतं की ‘मेंदू नाही’ हे वाक्य आपण फार पटकन टाकतो, चार छोटे मेंदू आहेत म्हटलं तरी मी वाद घालणार नाही.

झोपेचंही तसंच. कॅसिओपिया नावाचा एक जेलीफिश आहे, तो उथळ पाण्यात तळाला उलटा पडून राहतो, तंतू वर, कारण त्याच्या अंगात शेवाळ राहतं आणि त्याला ऊन लागतं. दिवसा तो मिनिटाला सुमारे ५८ वेळा उघडमीट करतो, रात्री ३९. पण नुसतं मंदावणं म्हणजे झोप नव्हे, म्हणून २०१७ मध्ये अमेरिकेतल्या कॅलटेक या विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांनी त्याच्या खालचा आधार रात्री अचानक काढून बघितला, तर जागं होऊन खाली पोहायला त्याला दिवसापेक्षा जास्त वेळ लागला. मग रात्रभर पाण्याचे फवारे मारून जागं ठेवलं, तर दुसऱ्या दिवशी पेंगत होता. जागरणाचा त्रास मेंदू असलेल्यांनाच होतो हा समज तिथे संपला.

आता डंख. हा भाग लोकांना सगळ्यात आधी हवा असतो. तंतूंवर हजारो दंशपेशी असतात आणि प्रत्येकीच्या आत एक बंद कुपी, कुपीत आतल्या बाजूला उलटून गुंडाळून ठेवलेली पोकळ नळी, हातमोज्याचं बोट आत ढकललेलं असतं ना तशी. कुपीतला दाब १५० बारच्या आसपास, गाडीच्या टायरमध्ये दोन-सव्वादोन असतो म्हणजे विचार करा. शिकारीचा स्पर्श झाला आणि तिच्या अंगावरची केमिकल्स जाणवली की झाकण उघडतं आणि नळी उलटून बाहेर फेकली जाते. हायड्रा हा जेलीफिशचाच एक चुलत भाऊ, त्याच्यात हे मोजलंय, सुरुवातीचा घाव घालायला लागतात ७०० नॅनोसेकंद, म्हणजे एका सेकंदाच्या दहा लाखाव्या भागापेक्षाही कमी. प्राणीजगात याहून वेगवान हालचाली शोधायला गेलं तर फारशा सापडत नाहीत.

यात मेंदूची, अगदी मज्जातंतूंचीसुद्धा परवानगी घ्यावी लागत नाही, प्रत्येक दंशपेशी आपली आपण सुटू शकते. म्हणूनच किनाऱ्यावर मरून पडलेला जेलीफिश चावतो आणि तुटून वेगळा झालेला तंतूही चावतो, त्याला काठीने वगैरे डिवचणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं. आणि लघवी टाकायचा तो जगप्रसिद्ध उपाय, तो करू नका. लघवी काय किंवा गोडं पाणी काय, अंगाला चिकटलेल्या तंतूवरच्या न सुटलेल्या कुप्या त्याने सुटू शकतात, म्हणजे दुखणं वाढतं. वाळूने घासणं त्याहून वाईट. समुद्राच्याच पाण्याने धुवायचं, तंतू चिमट्याने उचलायचे, आणि बऱ्याच जातींच्या बाबतीत सोसवेल इतक्या गरम पाण्यात, ४५ अंशांच्या आसपास, भाग बुडवून ठेवला की आराम पडतो. बॉक्स जेलीवर व्हिनेगर ओततात कारण त्याने उरलेल्या कुप्या निकामी होतात, पण सगळ्या जातींना तो चालत नाही, आणि श्वास लागला, छातीत दुखलं तर घरगुती उपाय करत बसू नये.

सगळेच विषारी नसतात, मून जेलीचा डंख बऱ्याच लोकांना जाणवतही नाही. दुसऱ्या टोकाला ऑस्ट्रेलियाकडचा कायरोनेक्स, ज्याचे तंतू तीन मीटरपर्यंत जातात आणि जास्त जागी लागला तर माणूस काही मिनिटांत जाऊ शकतो. त्याहून विचित्र इरुकांजी, छत्री सेंटिमीटरभराची, डंख सुरुवातीला किरकोळ, आणि अर्ध्या तासाने भयंकर पाठदुखी, उलट्या, वाढलेला रक्तदाब आणि ‘आता आपण मरणार’ अशी पक्की भावना. हा त्रास नेमका कुणामुळे होतो ते बरीच वर्षं कळत नव्हतं, शेवटी १९६१ मध्ये जॅक बार्न्स या डॉक्टरांनी तो पकडला आणि स्वतःला, एका लाइफगार्डला आणि स्वतःच्या नऊ वर्षांच्या मुलाला चावून घेतलं. तिघेही हॉस्पिटलमध्ये पोचले, तिघेही वाचले. मुलाचा मला आजही उलगडा होत नाही, काय म्हणून.

१९६१ सालचीच दुसरी गोष्ट मात्र एकदम वेगळ्या वळणाची. ओसामु शिमोमुरा हे जपानी शास्त्रज्ञ अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर फ्रायडे हार्बरला एका चमकणाऱ्या जेलीफिशमधला प्रकाश वेगळा काढायचा प्रयत्न करत होते आणि काही केल्या जमत नव्हतं. वैतागून एके दिवशी काढलेला रस सिंकमध्ये ओतला तर सिंक आतून निळी झगमगली. सिंकमध्ये मत्स्यटाकीचं समुद्राचं पाणी वाहून येत होतं, त्या पाण्यातल्या कॅल्शियमने काम केलं होतं. त्या जेलीफिशमध्ये सोबत आणखी एक प्रोटीन सापडलं, निळा उजेड घेऊन हिरवा देणारं, त्यालाच पुढे जीएफपी म्हणायला लागले. नंतर त्याची जीन दुसऱ्या प्राण्यांच्या पेशीत बसवता आली आणि जीवशास्त्रवाल्यांना जणू टॉर्चच मिळाली, जे प्रोटीन बघायचं त्याला हे शेपूट लावा आणि जिवंत पेशीत ते कुठे जातंय ते बघत बसा. २००८ चं रसायनशास्त्राचं नोबेल शिमोमुरा, मार्टिन चाल्फी आणि रॉजर त्सिएन यांना याच कामासाठी मिळालं. त्यासाठी शिमोमुरांनी घरच्यांना सोबत घेऊन जाळ्यांनी पकडलेले जेलीफिश होते साडेआठ लाखांच्या घरात.

आता परत खडकाकडे, कारण जेलीफिशच्या बातम्या येतात त्या याच पॉलिपमुळे. २०१३ मध्ये स्वीडनच्या ओस्कर्सहाम्न अणुवीज केंद्राची एक अणुभट्टी बंद करावी लागली, कारण थंड करायला समुद्राचं पाणी आत घेणाऱ्या पाइपांमध्ये मून जेली भरून बसले. १९९९ मध्ये फिलिपिन्सच्या लुझॉन बेटाचा मोठा भाग अंधारात गेला, लोकांना वाटलं सत्तापालट झाला, आणि निघाले काय तर वीज केंद्राच्या पाण्यात शिरलेले सुमारे ५० ट्रक जेलीफिश. जपानजवळचा नोमुरा तर दोन मीटर रुंद आणि २०० किलोपर्यंत होतो, २००९ मध्ये असे जेलीफिश भरलेलं जाळं ओढताना दहा टनी ट्रॉलर उलटला होता, तिन्ही खलाशी वाचले. बातम्यांत ‘कुठूनतरी आले’ असं लिहितात. ते बऱ्याचदा तिथेच असतात, पॉलिप म्हणून, आणि पाण्याचं तापमान जुळून आलं की सगळ्यांच्या बशा एकाच सुमाराला सुटतात. त्यात त्यांना खाणारे आणि त्यांच्याच वाट्याचं खाणारे मासे आपण आधीच उपसून ठेवलेले असले की पिल्लांना रान मोकळं.

आणि पॉलिपला चिकटायला काय हवं, तर कडक, सावलीतली, खाली तोंड केलेली जागा. नैसर्गिक समुद्रतळ बऱ्याच ठिकाणी चिखल-वाळूचा, तिथे तशी जागा कमी. आपण बंदरं बांधली, तरंगते धक्के टाकले, काँक्रीटचे खांब रोवले, आणि मून जेलीचे पॉलिप हजारोंनी सापडतात ते नेमके तरंगत्या धक्क्यांच्या पोटाला. बाकी बऱ्याच जातींच्या पॉलिपचा समुद्रातला पत्ता अजून लागलेला नाही, छत्र्या वर्षानुवर्षं मोजल्या जातायत पण त्या सुटतात कुठून ते माहीत नाही, म्हणून पाणबुडे टॉर्च घेऊन खडकांच्या, शिंपल्यांच्या, बुडालेल्या बाटल्यांच्या खालच्या बाजू तपासत फिरत असतात.